खोकल्याची उबळ, दम्याचा पंप आणि शौचावरचा ताबा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातील ५७ वर्षांच्या एका भगिनींना वीस वर्षांपासून दमा आहे. द्राक्षाचा हंगाम सरत आला आणि बेदाण्याच्या शेड सुरू झाल्या की त्या निवडणीच्या कामाला जातात आणि त्या दोन-तीन महिन्यांत त्यांचा खोकला हमखास वाढतो. यंदा मात्र उबळ आली की थोडे शौच कपड्यांतच होते, विशेषतः पहाटे आणि सकाळच्या चहानंतर. दोनदा तर परसातल्या संडासापर्यंत पोहोचताही आले नाही. पहिल्या बाळंतपणात टाके पडले होते आणि दोन वर्षांपासून मधुमेहाची गोळी चालू आहे, असेही त्या लिहितात. पंपाने अंग सैल पडते असे जावेने सांगितल्यामुळे त्यांनी पंधरा दिवसांपासून पंप बंद ठेवला आहे. त्याऐवजी घरात पडून असलेली दम्याची डेरिफायलीनची गोळी दिवसातून दोनदा सुरू केली आहे आणि शौच पातळ होते म्हणून औषधाच्या दुकानातून सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणून घेत आहेत. दमा आणि हा त्रास यांचा काही संबंध आहे का, आणि पंप कायमचा सोडावा का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, आधी तातडीचे सांगतो, संबंधाचे नंतर. डेरिफायलीनमध्ये थिओफायलिन असते आणि या औषधाची गुणकारी मात्रा आणि त्रासदायक मात्रा यांच्यातील अंतर फार थोडे आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन हे थिओफायलिनला शरीराबाहेर टाकणाऱ्या यकृतातील यंत्रणेलाच अडवते, त्यामुळे गोळ्यांची संख्या तीच राहूनही रक्तातील थिओफायलिन वाढत जाते. मळमळ, उलटी, हातांची थरथर, छातीत धडधड, झोप न लागणे आणि पातळ शौच ही त्याची लक्षणे आहेत. प्रमाण फारच वाढले तर आकडीसारखे झटकेही येऊ शकतात. म्हणजे जुलाब थांबावेत म्हणून आपण घेतलेली गोळी जुलाब वाढवतही असू शकते. ही दोन औषधे एकत्र घेऊ नयेत. आज-उद्याच आपल्या डॉक्टरांकडे जाऊन हे सांगावे आणि यांपैकी काही लक्षणे असतील तर उद्याचीही वाट पाहू नये. पंप मात्र आजच पूर्ववत सुरू करावा. दम्याचा मोठा झटका जिवावर बेतू शकतो, आणि अचानक बंद केलेला पंप हे अशा झटक्याचे मी वारंवार पाहिलेले कारण आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. दमा हा श्वासनलिकांचा आजार आहे आणि तो स्वतः उतरून गुदद्वाराच्या स्नायूंपर्यंत जात नाही. दम्याचा खोकला मात्र तिथवर जातो, दम्याची काही औषधे आतड्यापर्यंत जातात आणि दम्याबरोबर वाढलेले वय, वजन व साखर हेही त्याच ठिकाणी येऊन भेटतात. म्हणून संबंध आहे, पण तो सरळ रस्त्याने येणारा नसून तीन-चार पायवाटांनी येणारा आहे, आणि आपल्या पत्रात त्यांपैकी बहुतेक पायवाटा दिसतात.

सर्वांत मोठी वाट खोकल्याची आहे. गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. आतले कडे आपल्या इच्छेवर चालत नाही. ते दिवसरात्र आपोआप आवळलेले असते आणि आपण स्वस्थ असताना दार बंद ठेवण्याचे सुमारे ७० ते ८० टक्के काम तेच करते. बाहेरचे कडे आपल्या इच्छेवर चालते. घाई लागली आणि संडास लांब असला की आपण आवळतो ते हेच. या दोन्हींच्या वर झोळीसारखा एक स्नायू मलाशयाला पुढे ओढून तिथे कोन तयार करतो, आणि हे सर्व ओटीपोटाच्या तळाला ताणून बसवलेल्या स्नायूंच्या चादरीचा भाग असतात. जोराच्या खोकल्यात पोटातील दाब क्षणभर पाऱ्याच्या ८० ते १०० मिलिमीटरपर्यंत किंवा त्याच्याही वर जाऊ शकतो, आणि आतले कडे एकटे एवढा दाब पेलू शकत नाही. निरोगी माणसाला याचा त्रास होत नाही, कारण खोकला येताच बाहेरचे कडे आणि तळाची चादर आपोआप, आपल्या नकळत, आवळली जाते. ही प्रतिक्षिप्त क्रिया क्षणभर जरी उशिरा झाली किंवा अपुरी पडली, तरी मलाशयात जे काही पातळ असेल ते बाहेर येते.

आपल्या बाबतीत ती का अपुरी पडत असावी, याचे एक कारण पत्रातच आहे. बाळंतपणात पडलेली चीर कधी कधी या बाहेरच्या कड्यापर्यंत, क्वचित आतल्या कड्यापर्यंतही गेलेली असते, आणि लांबलेल्या बाळंतपणात त्या स्नायूंना चालवणारी नसही ताणली जाते. तरुण वयात उरलेला स्नायू ती उणीव भरून काढतो. पाळी गेल्यानंतर आणि पन्नाशी ओलांडल्यावर तोच स्नायू पातळ होतो आणि तीस वर्षांपूर्वीची चीर आता जाणवू लागते. त्यावर दर हंगामात तीन-तीन महिने, दिवसातून शेकडो वेळा खोकल्याचे हिसके बसत असतील, तर थकलेला स्नायू केव्हातरी हार मानणारच. खोकताना लघवी निसटण्याची तक्रार असलेल्या बायका मला दर आठवड्याला भेटतात आणि ती तक्रार त्या आता थोड्याफार मोकळेपणाने सांगतात. शौचाची तक्रार मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. खरे सांगायचे तर व्यवसायाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मी दम्याच्या रुग्णांना ती विचारतही नव्हतो.

हे पहाटे आणि सकाळीच का होते, हेही पाहू. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका पहाटेच्या सुमारास सर्वांत अरुंद होतात, म्हणून तीन-चार वाजता उबळ येऊन जाग येते. मोठे आतडे रात्रभर जवळजवळ स्वस्थ असते आणि जाग आल्यावर, उठून बसल्यावर, पोटात काही गेल्यावर ते जोराने हालचाल सुरू करते. दिवसातील सर्वांत जोराचा खोकला आणि आतड्याची सर्वांत जोराची लाट अशा रीतीने एकाच तासात येतात. त्यात चहा असतो, आणि आपल्या भागातील अनेक बायकांच्या बाबतीत मिश्रीही असते; मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असे त्या सांगतात, ते अगदीच खोटे नाही, कारण तंबाखूतील निकोटीन आतड्याला चाळवते. आपण मिश्री लावत असाल तर ती सोडण्याचे हे आणखी एक कारण समजावे.

पंपाबद्दल जाऊबाईंनी सांगितले ते पूर्ण निराधार नाही, म्हणूनच त्याचे नीट उत्तर द्यायला हवे. सालबुटामॉल, म्हणजे बहुतेकांच्या घरातला निळा पंप, श्वासनलिकांभोवतीचे अनैच्छिक स्नायू सैल करतो, आणि गुदद्वाराचे आतले कडेही अनैच्छिक स्नायूचेच बनलेले आहे. मग तेही सैल पडणार नाही का, ही शंका तर्काला धरून आहे. गुदद्वारात अचानक पेटका येऊन तीव्र कळ उठण्याचा एक विकार आहे; त्यात सालबुटामॉलचा पंप ओढल्याने कळ लवकर ओसरते असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दिसले होते. परंतु त्याच अभ्यासात, कळ नसताना पंप ओढल्यावर गुदद्वाराच्या स्वस्थ दाबात लक्षणीय फरक पडला नव्हता. पंपातून एका वेळी जाणारे औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते आणि त्यातला थोडासाच भाग रक्तात पोहोचतो. सालबुटामॉलच्या गोळ्या किंवा पातळ औषध पोटातून घेतले तर मात्रा मिलिग्रॅममध्ये जाते आणि थरथर, धडधड यांसारखे परिणाम ठळक होतात. म्हणजे आक्षेप घ्यायचाच असेल तर तो पंपावर नव्हे, दम्याच्या गोळ्यांवर घ्यावा. आपण नेमके उलटे केले आहे, पंप सोडला आणि गोळी धरली.

इतर औषधांपैकी मॉन्टेल्युकास्टने काही जणांना पोटदुखी व पातळ शौच होते. खोकला वाढला की ऊठसूट दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकने तर फार जणांना होते. दम्याच्या बहुतेक उबळींना अँटिबायोटिकची गरजही नसते. हंगामात दोन-तीनदा स्टेरॉईडच्या गोळ्यांचा कोर्स झाला असेल तर साखर वाढते, साखर वाढली की मधुमेहाच्या गोळीची मात्रा वाढते, आणि ती गोळी मेटफॉर्मिन असेल तर घाईची व पातळ शौच हा तिचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. हे वर्तुळ मी इतक्या वेळा पाहिले आहे की दमा आणि मधुमेह असलेला रुग्ण शौचाची तक्रार घेऊन आला की मी प्रथम मेटफॉर्मिनची मात्रा पाहतो. तीच गोळी जेवणानंतर घेतली, किंवा तिचा हळूहळू विरघळणारा प्रकार घेतला, तर पुष्कळदा त्रास कमी होतो; पण तो बदल आपल्या डॉक्टरांनीच करावा. दम्यासोबत छातीत जळजळ असणारेही पुष्कळ असतात. त्यांच्या अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधात मॅग्नेशियम असते, आणि तेही शौच पातळ करते.

आता याच्या बरोबर उलटी बाजू. शौच पातळ येते म्हणजे जुलाबच, असे नसते. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येत असत. दमा जुना, पंपात श्वासनलिका मोकळ्या ठेवणारे टायोट्रोपियम, आणि रात्री झोप लागावी म्हणून कोडीन असलेले खोकल्याचे औषध. धोतराला सारखे पातळ लागते असे त्यांनी सांगितल्यावर मी जुलाब थांबवण्याची गोळी लिहून दिली. पंधरा दिवसांनी ते पोट फुगून, अधिकच हैराण होऊन परत आले. तेव्हा मी बोटाने तपासणी केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. मलाशय खड्यासारख्या घट्ट मलाने भरलेले होते आणि त्याच्या कडेकडेने वरचे पातळ पाझरत होते. कोडीनने बद्धकोष्ठ होते, टायोट्रोपियमने काही जणांना होते, आणि दोन्ही औषधे दम्याच्या आसपासचीच आहेत. त्यांना एनिमा आणि मल मऊ करणारे औषध देऊन आठवड्यात फरक पडला. माझी मात्र तेव्हापासूनची सवय अशी की, साठी ओलांडलेल्या रुग्णाचे पातळ शौच बोटाने तपासल्याशिवाय जुलाब मानायचे नाही.

या बद्धकोष्ठाला आपल्याकडच्या पथ्याचीही साथ असते. दमा म्हटला की केळे बंद, पेरू बंद, काकडी बंद, दही-ताक बंद, सीताफळाचे तर नावच काढायचे नाही, आणि पाणीही कोमट व तेवढ्यापुरते. ज्या व्यक्तीला एखाद्या पदार्थाने खरोखर त्रास होतो तिने तो टाळावा, हे मान्य आहे. पण सरसकट सगळी फळे व कच्च्या भाज्या सोडल्याने दमा सुधारत नाही. आतड्याला लागणारा चोथा तेवढा कमी होतो. त्यात रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी न पिणाऱ्या बायका मी पाहतो. आपण ज्वारीची भाकरी खाता, तो चोथ्याचा चांगला आधार आहे. त्यासोबत पालेभाजी आणि आपल्याला सोसणारे एखादे फळ रोज असावे.

इसबगोलाबद्दल एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ती फारशी कोणाला ठाऊक नसते. पातळ शौचाला बांधा येण्यासाठी आणि घट्ट शौच मऊ होण्यासाठी इसबगोल हे दोन्ही बाजूंनी उपयोगी, स्वस्त औषध आहे. परंतु त्याची भुकटी श्वासावाटे वारंवार आत गेल्याने काहींना त्याची अ‍ॅलर्जी होते आणि त्यातून दमा उसळतो. इसबगोल हाताळणाऱ्या कामगारांमध्ये व परिचारिकांमध्ये हे नोंदवलेले आहे. म्हणून डबा नाकाशी धरून झटकू नये, पेल्यात आधी पाणी घेऊन त्यावर चमचा अलगद उपडा करावा, आणि घेतल्यावर शिंका, अंगाला खाज किंवा धाप जाणवली तर ते बंद करावे.

एका गोष्टीकडे तपासणीच्या खोलीत कोणाचे लक्ष जात नाही, ती म्हणजे संडासापर्यंतचे अंतर. निरोगी माणूस घाई लागली की वीस पावले झपझप टाकतो. दम लागलेला माणूस ती टाकू शकत नाही. तो मध्येच भिंतीला धरून थांबतो, आणि तेवढ्यात जे व्हायचे ते होते. स्टेरॉईडच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतलेल्यांच्या मांड्यांतील ताकद कमी होते आणि उकिडवे बसणे-उठणे अवघड जाते, ती गोष्ट वेगळीच. आपले दोन प्रसंग याच प्रकारातले वाटतात. हंगाम संपेपर्यंत खाटेजवळ खुर्चीवजा कमोड ठेवण्यात कमीपणा मानू नये. पहाटे उबळ येऊन जाग आली तर लगेच उठून न धावता बसून, पुढे वाकून, आधी पंप घ्यावा आणि दम थोडा बसल्यावर निघावे.

खोकला आटोक्यात येणे हाच आपल्या त्रासावरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, म्हणून त्याचे थोडे अधिक. बेदाण्याला पिवळा रंग राहावा म्हणून दिल्या जाणाऱ्या गंधकाच्या धुरीतून सल्फर डायऑक्साइड निघतो, आणि दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका त्याने काही मिनिटांत आवळतात. साधा रुमाल किंवा पदर तो वायू अडवत नाही. धुरीच्या वेळी आणि धुरीची खोली उघडल्यावर लगेच आपण तिथे नसावे. निवडणीचे काम वारा खेळत्या जागी, धुरीपासून लांब मिळते का, हे शेडमालकांना स्पष्ट विचारावे. दुसरे म्हणजे, केवळ निळ्या पंपावर दमा काढण्याची पद्धत आता मागे पडली आहे. ‘जीना’ या दम्यासंबंधीच्या जागतिक मार्गदर्शक संस्थेने २०१९ पासून प्रौढांना फक्त सालबुटामॉलवर ठेवू नये असेच सांगितले आहे; श्वासनलिकांची सूज कमी करणारे स्टेरॉईड पंपातूनच, अत्यल्प मात्रेत, घेणे हा उपचाराचा पाया आहे. पत्रात आपला पंप कोणता ते लिहिलेले नाही, पण हंगाम सुरू होण्याच्या आधीपासून हे औषध नियमित असेल तर उबळींची संख्याच घटते. पंप स्पेसर (पंपाच्या तोंडाला बसवायची पोकळ नळी) लावून, सावकाश ओढून, दहा सेकंद श्वास धरून घ्यावा आणि नंतर चूळ भरावी.

व्यायाम सोपा आहे, पण तो चुकीचा करणारेच अधिक. वायू सरू नये म्हणून आपण जसे आवळतो, तसे गुदद्वार आतल्या बाजूला व वर ओढावे. पोट, मांड्या किंवा श्वास आवळू नये. पाच सेकंद धरावे, तितकाच वेळ सोडावे, असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे व्यायाम अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये लघवीच्या त्रासासाठी मांडले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. शरीर जे आपोआप करीत होते ते आता आपण जाणूनबुजून करायचे आहे, म्हणून त्याला एक जोड हवी: खोकला येणार असे घशात जाणवताच, खोकण्याच्या आधी, आवळायचे आणि उबळ संपेपर्यंत धरून ठेवायचे. सुरुवातीला ते जमत नाही. महिनाभरात सवय लागते. फरक दिसायला मात्र तीन महिने द्यावे लागतात. लग्नकार्य, देवदर्शन किंवा एस.टी.चा प्रवास अशा वेळी शौच बांधून ठेवण्यासाठी लोपरामाइडची गोळी डॉक्टरांना विचारून घेता येते, पण वर सांगितल्याप्रमाणे साठलेला मल नाही याची खात्री झाल्यावर आणि ताप किंवा रक्त नसतानाच. ओलाव्याने तिथली त्वचा सोलवटली असेल तर साबण न लावता कोमट पाण्याने धुऊन, टिपून, झिंक ऑक्साइडचे मलम लावावे.

काही लक्षणे अशी आहेत की ती असतील तर वरील सर्व बाजूला ठेवून आधी तपासणी करावी लागते. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन उतरणे, शौचाची सवय अलीकडेच बदललेली असणे, झोपेतून जुलाबासाठी जाग येणे, ही त्यातली. कंबरेत दुखून पायांत अशक्तपणा येणे, बसण्याच्या जागी बधिरपणा किंवा लघवी अडणे हे असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण तिथे मज्जातंतू दाबले गेलेले असू शकतात. मोठ्या वयात अचानक बळावलेला दमा, नाकाचा जुनाट त्रास, रक्तात इओसिनोफिल पेशी खूप वाढलेल्या, हातापायांना मुंग्या आणि पोटात दुखणे असे सारे एकत्र आले तर रक्तवाहिन्यांच्या सुजेचा एक दुर्मीळ आजार शोधावा लागतो. आपल्या पत्रात तसे काही नाही.

डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व औषधे, रिकामी पाकिटे आणि पंपही पिशवीत घालून न्यावेत आणि पंप त्यांच्यासमोर ओढून दाखवावा. आठवडाभर एका वहीत शौचाची वेळ, ते घट्ट होते की पातळ, आणि त्याआधी उबळ होती का, एवढे तीन शब्दांत लिहावे. बोटाने तपासणी करा, असे आपणच सांगावे. स्त्री डॉक्टर हव्या असतील तर तसे मागण्यात गैर नाही. बाळंतपणातील टाक्यांचा उल्लेख विसरू नये, कारण तीन महिन्यांच्या व्यायामाने आणि खोकला आटोक्यात येऊनही फरक पडला नाही, तर कड्याची सोनोग्राफी आणि दाबाची तपासणी करायची की नाही, हे त्यावरच ठरेल.